स्वेटरवरून मोजलेलं बीपी

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही सिंहगड रस्त्याला धायरीत राहतो. सासूबाई ७४ वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. डिसेंबरात त्यांना नेहमीच्या हॉस्पिटलात नेलं. लिफ्टला रांग होती म्हणून दोन मजले चढून गेलो. आई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच सिस्टरनी स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळला. आई त्यांना गुडघ्याचं सांगत होत्या आणि मशीन चालू होतं. आकडा आला १७२/९४. आत डॉक्टरांनी केसपेपर पाहिला, एक गोळी वाढवली, दोन टेस्ट लिहिल्या आणि आम्ही बाहेर. पुढच्या आठवड्यात रात्री बाथरूमला उठताना आईंना चक्कर आली आणि त्या पडल्या. मनगटावर निभावलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी आधी आडवं झोपवून आणि नंतर उभं करून बीपी मोजलं, तर वरचा आकडा १३० वरून १०४ वर आला. त्यांनी वाढवलेली गोळी बंद केली.

त्याच सुमारास माझ्या १९ वर्षांच्या मुलीचं पोट दुखत होतं म्हणून आणखी एकीकडे नेलं. डॉक्टर पुरुष होते. मला "बाहेर थांबा" म्हणाले आणि पडद्याआड तिला तपासलं. वावगं काही झालं नाही असं ती सांगते, पण घरी आल्यावर बराच वेळ गप्प होती.

मी डॉक्टरांना "नीट तपासा" म्हणू शकते का? आई म्हणतात, "ते शिकलेले आहेत, आपण काय सांगायचं?" नवरा म्हणतो, हल्ली सगळं मशीनवर कळतं, हात लावून काय होतंय? आणि घरी बीपीचं मशीन घ्यावं का?

– एक वाचक, धायरी

*

ताई, नमस्कार.

आधी आईंच्या बीपीबद्दल, कारण नुकसान तिथे झालंय. १७२ हा आकडा खोटा होता असं मी म्हणणार नाही. त्यात दोन जिने होते, जाड स्वेटर होता, गुडघ्याची तक्रार होती आणि लघवी तुंबलेली असेल तर तीही होती. आईंचं स्वतःचं बीपी त्यात किती, हे आता कोणालाच सांगता यायचं नाही. केसपेपरवर मात्र तो १७२ नीट मोजलेल्या १७२ इतकाच ठळक दिसतो. आत बसलेल्या डॉक्टरांना जिने दिसत नाहीत. त्यांना आकडा दिसतो आणि ते आकड्याला औषध देतात. रुग्णाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की लोकांना भलत्याच पायाचं ऑपरेशन किंवा चुकीचं इंजेक्शन आठवतं. मला या अर्धवट तपासण्यांची काळजी जास्त वाटते. त्यांची बातमी होत नाही, आणि गोळी वाढल्यानंतर बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला "वय झालं आता" म्हणून सोडून दिलं जातं.

बीपी मोजायची रीत अवघड नाही. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं नुसतं बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा. हात टेबलावर असा टेकवायचा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. हात लोंबकळत राहिला आणि पट्टा हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली गेला, तरी आकडा सात-आठने चढतो. हे शुद्ध पदार्थविज्ञान आहे, यात डॉक्टरी काही नाही. बोलण्यानं साधारण दहाने वाढतो. लघवी तुंबली असेल तरी तेवढाच. पट्टा जाड दंडाला तोकडा पडला तर आकडा वर जातो, आणि बारीक दंडाच्या म्हाताऱ्या माणसाला ऐसपैस पट्टा लावला तर खाली. मग मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी घ्यायची. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं मोजायचं आणि पुढे कायम ज्या हाताचा आकडा जास्त तोच धरायचा. स्वेटरची बाही नुसती वर गुंडाळून भागत नाही. घट्ट बाहीचा वळसा दंडाला आवळून बसतो आणि मोजमाप पुन्हा बिघडतं. बाही काढायचीच.

शुगरच्या रुग्णाचं आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी उभं करूनही पाहावं लागतं. पाच मिनिटं आडवं, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर तो दोष धरायचा. आईंचा २६ नं उतरला. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा मंदावतात, त्यामुळे उभं राहताच रक्त पायांकडे उतरतं. त्यावर गोळी वाढली की रात्री अडीच वाजता बाथरूमच्या दारात काय होतं ते तुम्ही पाहिलंच. दुसऱ्या डॉक्टरांनी पाच-सात मिनिटं खर्च करून जे शोधलं, ते कुठल्याही रक्ताच्या टेस्टमध्ये आलं नसतं. आता त्यांनी ठरवलेली औषधं तशीच चालू ठेवा. या पत्रावरून घरच्या घरी आणखी एखादी गोळी कमी करू नका. रात्री उठताना आईंनी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसावं, मग उभं राहावं. बाथरूमपर्यंत बारीक दिवा जळता ठेवा. लघवीची गोळी असेल तर ती कोणत्या वेळी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. मशीनवर सगळं कळतं असं त्यांना वाटतं आणि राहतात सिंहगड रस्त्याला, हे जरा गमतीचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसची, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले, पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, काही रुग्णांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. या आजारात आधी जुलाब होतात, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पायांतली ताकद जाते आणि अशक्तपणा वर चढत जातो. नसांच्या वहनाची तपासणी आणि पाठीतलं पाणी, या दोन्ही टेस्ट पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतात. त्या दिवसांत संशय घ्यायला डॉक्टरकडे काय असतं? रबरी हातोडी. गुडघ्याखाली टक् केलं आणि पाय उडाला नाही, दोन्ही बाजूंना सारखाच, तर पुढची धावपळ सुरू होते. बहुतेक रुग्णांत हा झटका मंदावतो किंवा नाहीसाच होतो.

याच आजारात श्वासाचे स्नायू थकत जातात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मात्र अगदी उशिरापर्यंत ९७-९८ दाखवत राहतो. त्यापेक्षा रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावून एका दमात एक, दोन, तीन मोजायला सांगतात. वीसपर्यंतही पोचता येत नसेल तर त्याला आयसीयूच्या जवळ ठेवायचं. खर्च शून्य.

याचा अर्थ हात लावून सगळं कळतं असा नाही. छातीत दुखतंय तर ईसीजी हवाच. शुगर नाडीवर कळत नाही. पोटातल्या पुष्कळ गोष्टी बोटांना लागत नाहीत आणि सोनोग्राफीत दिसतात. जुन्या काळच्या डॉक्टरांच्या जादुई बोटांच्या गोष्टी सांगणारे आमच्यात खूप आहेत. त्या बोटांतून निसटलेल्या रुग्णांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. पण तपासणी आधी झाली तर कोणती टेस्ट, कुठल्या बाजूची आणि किती घाईनं, हे ठरतं. ती झालीच नाही तर टेस्टची यादी लांबते, आणि प्रश्न न विचारता केलेल्या टेस्टमध्ये काहीतरी किरकोळ निघाल्यावर त्याच्यामागे लागावं लागतं.

आता तुमचा खरा प्रश्न: म्हणावं का? म्हणावं, पण "नीट तपासा" असं म्हणू नका. पुण्यात तर मुळीच नको, समोरून "म्हणजे मी वाईट तपासतो का?" असं येईल आणि पुढची पाच मिनिटं त्यातच जातील. त्याऐवजी तपासणी सोपी करून ठेवा. पट्टा हातात घेतलेल्या सिस्टरना सांगा, "आत्ताच जिने चढून आल्यात, पाच मिनिटं बसू देता का? तोवर स्वेटर काढते." यात आरोप नाही, माहिती आहे. आईंना समोरून उघडणारा, सैल बाह्यांचा ब्लाउज किंवा गाऊन घाला. स्टेथोस्कोप उघड्या त्वचेवर लावायचा असतो. कापडाची घासपट्टी कानात फुप्फुसातल्या बारीक चरचरीसारखी ऐकू येते, आणि खरी चरचर जाड कापडाखाली बुडते. पदर आणि चार हुकांशी झटापट करावी लागली की घाईतला डॉक्टर वरूनच ऐकून मोकळा होतो. हे बरोबर नाही, पण होतं असंच.

पावलांचंही तेच. चपला खोलीबाहेर असतातच, मोजेही बाहेरच काढून आत जा. उघडं पाऊल समोर आलं की डॉक्टर बघतात. मधुमेही माणसाची पावलं वर्षातून निदान एकदा तरी पूर्ण तपासली गेली पाहिजेत. बोटांच्या बेचक्या पाहायच्या, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपायची. १० ग्रॅमचा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला "कळलं का?" विचारायचं. १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का ते विचारायचं. दोरा कळत नसेल तर त्या पावलाची राखण करणारी संवेदनाच गेलेली असते. असे लोक आषाढी वारीला हौसेनं पालखीबरोबर आळंदी-पुणे चालतात, घरी येऊन मोजा काढतात तेव्हा फोड फुटलेला असतो आणि दुखलेलं काहीच नसतं. किंवा भर उन्हात देवळाच्या फरशीवर अनवाणी उभे राहतात. आईंची पावलं रोज रात्री तुम्ही किंवा तुमची लेक बघा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा. पाय शेकायच्या पाण्यात आधी आईंचा पाय घालायचा नाही, तुमचं कोपर घालायचं.

पोट तपासताना रुग्णानं गुडघे वाकवून पडावं, पोट सैल सुटतं. कुठे दुखतं ते बोटानं दाखवायचं. चांगला डॉक्टर दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करतो, हात गार असेल तर आधी चोळतो आणि दाबताना पोटाकडे नाही, चेहऱ्याकडे बघतो. डोळे पिवळे आहेत का हे ट्यूबलाइटखाली ठरवायचं नसतं, खिडकीशी नेऊन बघायचं. आणि श्वास. तो रुग्णाला न सांगता, घड्याळ धरून मोजायचा असतो, कारण सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो. कुठल्याही वॉर्डातले केसपेपर चाळा, अख्ख्या रांगेचा श्वास १८ किंवा २० लिहिलेला सापडेल. इतकी एकजूट आपल्याकडे दुसऱ्या कशात नसते. निरोगी मोठ्या माणसाचा मिनिटाला १२ ते २० असतो, आणि तो पंचविशीकडे चालला असेल तर बाकी आकडे चांगले असले तरी बिघाड सुरू झालेला असू शकतो. घरी न्युमोनियाचा रुग्ण असेल तर हे तुम्हालाही मोजता येईल.

काही ठिकाणी न तपासणं हीच सुरक्षितता, हेही सांगायला हवं. लहान मुलाला जोराचा ताप आहे, लाळ गळतेय, श्वासाला आवाज येतोय, तर घसा बघायला चमचा घालू नका. आतली सूज श्वासनलिका पूर्ण बंद करू शकते. त्याला रडवू नका, बसलेलंच उचलून इस्पितळात न्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अंगावरून रक्त गेलं तर वार कुठे आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत आतून तपासणी करायची नसते. गाडीवरून पडलेल्याची मान वळवून बघायची नसते. ज्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) आहे त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, त्यातून रक्त काढायचं नाही. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही शक्यतो टाळायचा. अशा रुग्णानं सिस्टरांना आधी सांगावं, विचारतील याची वाट पाहू नये.

लेकीबद्दल जरा सविस्तर. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर थांबायला सांगितलं यात चूक आहेच असं नाही. १९ वर्षांच्या मुलीला पोटदुखीसाठी पाळी, संबंध, गर्भ राहण्याची शक्यता हे प्रश्न विचारावे लागतात, आणि ते आईसमोर विचारले तर उत्तरं आईसाठीची मिळतात. ते बोलणं एकटीशीच व्हायला हवं. चूक त्यापुढे झाली. बोलणं संपल्यावर, हात लावण्याआधी, एखादी बाई आत यायला हवी होती: सिस्टर, मावशी किंवा मुलगी म्हणेल तर तुम्ही. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असताना दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. डॉक्टर चांगला की वाईट याच्याशी त्याचा संबंध नाही, चांगल्या डॉक्टरलाही त्याचा आधारच असतो. या भिडेचा मान ठेवणं काही नवीन फॅडही नाही. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावून ऐकणं अवघड वाटलं, म्हणून त्यानं कागदाची सुरळी करून एक टोक तिच्या छातीला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावलं. आवाज उलट जास्त स्वच्छ आला. स्टेथोस्कोप तिथून निघाला.

शिवाय डॉक्टरनं आधी सांगायला हवं: आता पोट दाबणार आहे, कपडा एवढा वर घ्यावा लागेल, दुखलं तर थांबवा. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. आणि ती "थांबा" म्हणाली की थांबायचं, कारण विचारत बसायचं नाही. लेकीशी बोलताना "काय झालं सांग" असं खोदू नका. एवढंच सांगा की पुढच्या वेळी आत कोण हवं ते तिनं ठरवायचं, आणि "सिस्टरना बोलवाल का?" हे वाक्य तिनं स्वतः म्हणायचं. कोणी नाही म्हणालं आणि तातडीचं नसेल तर उठून यावं. गप्प राहण्याचं कारण नुसता संकोच नसून दुसरं काही निघालं, तर मात्र लेखी तक्रार करायची, आणि तेव्हा तुम्ही तिच्या बाजूला उभं राहायचं.

हातांबद्दल थोडक्यात. तुमच्या आधीच्या रुग्णाला तपासलेले हात तसेच तुमच्या आईंना लागू नयेत, एवढं मागायला संकोच नको. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावल्यावर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले, तरी डॉक्टर मंडळी त्याच्यावर रागावलीच. टेबलावरचं सॅनिटायझर वीस-तीस सेकंद चोळलं की पुरतं. हातमोजे घातले म्हणून ते चुकत नाही. स्टेथोस्कोपची चकतीही स्पिरिटनं पुसायची असते. विचारायची पद्धत पुन्हा तीच: स्वतः सॅनिटायझर घ्या आणि बाटली पुढे सरकवा.

आणि आत गेल्यावर आईंचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्वतःहून सांगा. आपल्याकडे ओपीडीत "कुलकर्णी!" अशी हाक मारली की तिघं उठतात, त्यातले दोघं कमी ऐकू येणारे असतात आणि "तुम्हीच ना?" विचारल्यावर तिघंही मान डोलावतात.

मशीन जरूर घ्या. दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा आईंच्या दंडाला बसतो का ते दुकानातच लावून पाहा. एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून बघा. डॉक्टरांकडे जायच्या आधी सलग सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ म्हणजे दवाखान्यातलं १४०/९० असं धरतात. आईंसाठी मर्यादा किती ठेवायची ते त्यांचे डॉक्टर सांगतील, ७४ वर्षांच्या पडलेल्या बाईला तिशीतल्या माणसाचा आकडा लावून चालत नाही. आठवड्यातून एकदा उभं करूनही मोजा, शेजारी तुम्ही असताना, आणि तो आकडा "उभ्यानं" असं लिहून वेगळा ठेवा. वहीत वेळही लिहा. डॉक्टरांना वही दाखवताना चढलेले आकडे तेवढे वाचून दाखवू नका, पूर्ण पान पुढे करा.